बारा चाव्यांचं गाणं

आमच्या जळगाव जामोदात आणि आजूबाजूच्या गावांत लग्नाची वरात मंडपाच्या दारात पोचली की रस्त्यावर उकिडवी बसते. नवरदेव घोडीवरच राहतो, बँडवाले उभे राहतात, बाकीचे सगळे बसतात. वराकडचे बसतात आणि समोर स्वागताला आलेले वधूकडचेही बसतात. याला आमच्याकडे बसका म्हणतात.

बसक्याची चाल ठरलेली आहे. बँड ती एकदा पूर्ण वाजवतो, दुसऱ्यांदा सुरू करतो आणि निम्म्यावर आल्यावर चालीचा जीव जातो. सूर घसरत खाली येतो, ठेका रेंगाळतो, शेवटी दूर कुठेतरी म्हैस हंबरावी तसा एकच आवाज उरतो. तोपर्यंत माणसं खाली बसलेली असतात. मग नवरदेवाचा बाप उठायला लागतो, त्याच्याकडे पाहून क्लॅरिनेट वर चढतं, ठेका पळू लागतो आणि सगळे उठून मंडपात शिरतात. जो बसत नाही त्याला हे लग्न मान्य नाही, असं समजतात. त्यामुळे आमच्याकडे रुसलेले चुलतेसुद्धा आहेर नाकारतील, पण बसका चुकवणार नाहीत.

याचा अर्थ काय, हे विचारलं तर प्रत्येकाकडे उत्तर तयार असतं. आमच्या गावातले मराठीचे निवृत्त सर याला भूमिवंदन म्हणतात आणि त्यावर पाऊण तास बोलू शकतात. बँडवाले चाचा म्हणतात, पूर्वी डोक्यावर गॅसबत्त्या घेऊन चालणारी माणसं असायची, त्यांना दम खायला मिळावा म्हणून ही सोय. माझी आत्या म्हणायची की वराकडचे किती जण पिऊन आलेत ते उठताना कळतं. तिन्ही उत्तरांत आत्याचं मला जास्त पटायचं, कारण ते निदान तपासून पाहता येत होतं.

मी तपासून पाहणारा माणूस आहे. कापसाच्या बाजाराजवळ माझा वजनकाटा आहे. भरलेली गाडी येते, तिचं वजन करतो. रिकामी होऊन येते, पुन्हा करतो. दोन वजनांतला फरक म्हणजे माल, बाकी सगळं बोलणं. ड्रायव्हर, व्यापारी, शेतकरी तिघेही काट्यावर भरपूर बोलतात. मी आकडा वाचून दाखवतो. घरीही माझी तीच सवय आहे आणि घरच्यांना तिचा त्रास होतो, हे मला माहीत आहे.

मुलीचं लग्न ठरलं तेव्हा तिने एकच अट घातली. ती पुण्यात नोकरी करते, मुलगाही तिथलाच, दोघांनी एकमेकांना पसंत करून आम्हाला कळवलं होतं. हॉल कोणता, जेवणात काय, साड्या कुठल्या, यातलं काहीच तिला महत्त्वाचं वाटत नव्हतं. "बाबा, माझ्या लग्नात बसका झाला पाहिजे. सगळ्यांनी बसायचं," एवढंच ती म्हणाली. लहानपणी कोणाचंही लग्न असो, ही सगळ्यांत पुढे जाऊन बसायची आणि नवरदेवाच्या बापाकडे टक लावून पाहायची. आपल्या लग्नात कोण बसेल, हे ती तेव्हापासून ठरवत असावी.

आमचे व्याही मूळचे साखरखेर्ड्याचे. जिल्हा एकच, पण ते दक्षिणेकडचं टोक आणि आमचं उत्तरेकडचं. तिकडे बसका नाही. पाटबंधारे खात्यातून निवृत्त होऊन ते पुण्यात स्थायिक झालेले, उंच, ताठ, नेहमी इस्त्रीत. बैठकीत मुलीची अट मी सांगितली तेव्हा त्यांनी कप खाली ठेवला.

"रस्त्यावर बसायचं? डांबरावर?"

"उकिडवं बसायचं. दोन मिनिटं," मी म्हणालो.

"कशासाठी?"

मी सरांचं भूमिवंदन सांगितलं. ते हसले.

"तुम्ही मोजमापवाले आहात. मी पण आयुष्यभर पाण्याची मापं घेतली. मला आधार दाखवा. ही खरोखर आपल्याकडची जुनी रीत असेल, तर मी बसेन. नसेल, तर हे रस्त्यावरचं नाटक नको. सनई लावू, सरळ आत जाऊ."

मला हे बोलणं रास्त वाटलं. मी लगेच हो म्हटलं. बायकोने आतून चहाची दुसरी फेरी आणताना माझ्याकडे जसं पाहिलं, त्याचा अर्थ मला नंतर कळला. पाहुणे गेल्यावर ती म्हणाली, "पोरीनं एक गोष्ट मांगतली आयुष्यात. अन् तुमी ती काट्यावर चढवून आले."

सुरुवात मी चाचांपासून केली. त्यांच्या घरात तीन पिढ्या बँड आहे. क्लॅरिनेट ते स्वतः वाजवतात, दात कमी झाल्यापासून थोडी हवा बाजूने जाते. मी विचारलं, ही चाल कोणाची.

"आमच्या आजोबाची," ते म्हणाले. "वरवट बकालच्या मालकाच्या पोराचं लगन होतं. आजोबाले बलावलं. तवापासून वाजवून राह्यलो आमी."

"त्यांनी स्वतः बनवली?"

"आता भाऊ, आजोबाले जाऊन जमाना झाला. तुमी काऊन त्याईचा पंचनामा करून राह्यले?"

मग मी मोबाईलची मदत घेतली. गाणं गुणगुणून दाखवलं की मोबाईल ते ओळखतो, असं मुलीनेच मला कधीतरी शिकवलं होतं. तिच्याविरुद्ध ते वापरलं जाईल याची तिला कल्पना नव्हती. काट्याच्या केबिनमध्ये दार लावून मी गुणगुणलो. मोबाईलने पहिल्यांदा लहान मुलांचं एक बडबडगीत सुचवलं, दुसऱ्यांदा एक आरती. पंखा बंद करून पुन्हा गुणगुणलो. काचेबाहेर एक ट्रक ड्रायव्हर वजनाच्या पावतीसाठी थांबला होता. तो म्हणाला, "भाऊ, काटा बिघडला का तुमी?" त्याला पावती देऊन मी चौथ्यांदा प्रयत्न केला आणि मोबाईलने एक इंग्रजी नाव दाखवलं. लावून पाहिलं. आमचीच चाल.

गाणं अमेरिकेतलं निघालं, शंभरेक वर्षांपूर्वीचं. जॅझची लाट तिथे नवी होती आणि वयस्कर लोक त्या संगीताला शिव्या घालत होते, तेव्हाचं. गाण्यात एक माणूस आपल्या मैत्रिणीला सांगतो की गाडी सुटायला अवकाश आहे, तोवर एकदा नाचून घेऊ. बसण्याचा कुठे उल्लेख नाही. उलट उभं राहण्याचाच आग्रह आहे.

मग मी त्या गाण्याच्या मागे लागलो. रोज दुपारी गाड्या कमी असतात, त्या वेळी वाचायचो आणि ऐकायचो. गाणं कोणी रचलं, याबद्दल दोघांचा दावा होता. दोघांचं भांडण बरीच वर्षं चाललं आणि दरम्यान ज्याने ते छापलं, त्याने रचणाऱ्यांत तिसरं नाव स्वतःचं घातलं. हे वाचून मला अमेरिका पहिल्यांदाच ओळखीची वाटली. आमच्याकडे पाणपोईवर असंच एक तिसरं नाव आहे.

त्या काळात एक गाणं चाललं की प्रत्येक कंपनी आपापल्या माणसांकडून ते पुन्हा भरून घ्यायची. त्यामुळे या एका गाण्याच्या कितीतरी तबकड्या निघाल्या. सगळ्यांत जुनी मायक्रोफोन येण्याआधीची. तेव्हा वादक एका मोठ्या कर्ण्यापुढे दाटीवाटीने उभे राहायचे आणि ढोलवाल्याला लांब भिंतीशी नेऊन बसवायचे, कारण तो जोरात वाजवू लागला तर सुई उडायची. ऐकताना शेजारच्या घरात कोणी गादी झोडतंय असं वाटतं. त्यात गाणारा माणूस निम्मं गाणं संपल्यावर येतो, चार ओळी म्हणतो आणि जातो, सत्कार समारंभात आमदार येऊन जातात तसा. मग मायक्रोफोन आला. तेव्हाचा गायक ओरडायचं सोडून कानात सांगितल्यासारखं गातो. एक तबकडी नुसत्या पियानोची आहे, एक जर्मन भाषेतली आहे, एकीत मध्येच माणूस विनोद सांगतो आणि स्वतःच हसतो. पुढे युद्धानंतर एका जाड आवाजाच्या गृहस्थाने ते इतकं सावकाश म्हटलं आहे की गाडी नक्की चुकली असणार. हल्ली ते मोठ्या हॉटेलच्या लिफ्टमध्ये शब्दांशिवाय वाजतं, असंही वाचलं.

मी प्रत्येक तबकडी शेवटपर्यंत ऐकली. कुठेही सूर घसरत नाही. कुठेही बसका नाही.

जे सापडेल ते मी व्याह्यांना पाठवत गेलो. एकट्याने पाहून निकाल देणं मला बरोबर वाटत नव्हतं. ते प्रत्येक वेळी अंगठा दाखवायचे. जर्मन तबकडीला त्यांनी अंगठ्यासोबत लिहिलं, 'ही जरा बरी आहे.' चाचांनाही मी काट्यावर बोलावून जुनी तबकडी ऐकवली. त्यांनी डोळे मिटून शेवटपर्यंत ऐकलं.

"अर्धवट वाजवून राह्यले हे लोक," ते म्हणाले. "बसका कुठी हाय?"

"बसका मुळात नाहीच चाचा. हे मूळ गाणं आहे."

"मूळ असन. पण पुरं नाही."

आता एवढंच राहिलं होतं की अमेरिकेत न घसरणारा सूर वरवट बकालला येऊन घसरला कसा. चाचांच्या बोलण्यात तिथल्या मालकांचं नाव आलं होतं. त्या घरी आता नातू आहेत, त्यांनाही मालकच म्हणतात, आमच्याच वयाचे, मोठी शेती, घरात टाइल्स आणि एसी. फोन केला तर म्हणाले, पेटी आहे, तबकडीही आहे, या. व्याही त्याच आठवड्यात खरेदीसाठी आले होते. त्यांनाही घेतलं, चाचांना घेतलं. बायको म्हणाली मी पण येते. तिला निकाल ऐकायचा नव्हता, मला एकट्याला देऊ द्यायचा नव्हता.

फ्रिजच्या शेजारी, विणलेल्या रुमालाखाली ग्रामोफोन होता. वर कोणाचा तरी चषक ठेवलेला. मालकांनी चषक उचलला, रुमाल काढला आणि इतिहास सांगितला. खामगावला कापसाच्या कंपनीत एक गोरा साहेब होता. तो देश सोडून निघाला तेव्हा सामानाचा लिलाव झाला. आजोबांनी पलंग घ्यायला माणूस पाठवला, पलंग दुसऱ्याने नेला आणि माणूस ही पेटी घेऊन आला. पेटीत एकच तबकडी होती. घरात एवढी मोठी वस्तू आली म्हटल्यावर पोराच्या लग्नात तेच गाणं बँडवर वाजलं पाहिजे, असं आजोबांनी ठरवलं. चाचांच्या आजोबांना ओसरीत बसवलं आणि पाठ होईपर्यंत ऐकवलं.

मालक हँडल फिरवू लागले. मोठ्याने मोजत होते. बारा झाल्यावर थांबले.

"अजून फिरतं आहे ना?" मी विचारलं.

"फिरते. पण बाराच द्याच्या. तेरावी चावी दिली का स्प्रिंग तुटते."

"कोणी सांगितलं?"

"आजोबानं."

"त्यांना कोणी सांगितलं?"

"साहेबाच्या खानसाम्यानं. लिलावाच्या दिवशी."

"तुम्ही कधी तेरावी देऊन पाहिली?"

विजेच्या तारेला हात लावून पाहिला का, असं विचारल्यासारखं त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

सुई टेकली. खरखर झाली, शेजारच्या घरातली गादी झोडायला सुरुवात झाली. मी मोबाईलवर ऐकलेली सगळ्यांत जुनी तबकडी तीच. चाल एकदा पुरी झाली. दुसऱ्यांदा सुरू झाली आणि निम्म्यावर येताच सूर घसरू लागला. बरोबर तिथेच, बारा चाव्या संपल्या तिथे. ठेका रेंगाळला, गवई रेड्यासारखा झाला, म्हैस हंबरली. मी खाली पाहिलं तर मी उकिडवा बसलो होतो. बायको बसली होती. चाचा बसले होते. चहाचा ट्रे घेऊन दारात आलेली घरची सून ट्रेसकट बसली होती.

व्याही सोफ्यावर होते. ते म्हणाले, "मी आधीच बसलेलो आहे."

मालक पेटीजवळ उकिडवे बसूनच हँडल फिरवू लागले आणि सूर तोंड वर करून चढत गेला. चढेपर्यंत तीन चाव्या झाल्या.

"म्हणजे पंधरा झाल्या की," मी म्हणालो.

"एका दमात नाही झाल्या."

"पण लोक कशासाठी बसतात?"

"हे काय विचारणं झालं?" मालकांना माझी कीव आली. "पेटी तवा सतरंजीवर राहे. चावी द्याले आजोबा उकिडवे बसत. मालक खाली बसले म्हटल्यावर बाकीच्याईनं उभं राहावं का? सारे बसत. आजोबा उठले का सारे उठत. लग्नात बँडचा सूर बसला तं आजोबा सवयीनं खाली बसले. मंग अख्खी वरात बसली."

परत येताना गाडीत माझ्या डोक्यात बेरीज पूर्ण झाली होती: एक परदेशी गाणं, बाराच्या पुढे न दिलेली चावी आणि मालकापुढे उभं राहायची भीती. यात भूमी नव्हती आणि वंदनही नव्हतं. घरी पोचल्यावर व्याह्यांनी विचारलं आणि मी जसं आहे तसं सांगितलं.

"निकाल लागला तर मग," ते म्हणाले. त्यांचा चेहरा इतका मोकळा झाला की मला आश्चर्य वाटलं. प्रथेच्या विरोधात जिंकलेल्या माणसाला एवढा आनंद होत नाही.

मुलीला मी फोनवर सगळं सांगितलं, तबकड्यांसकट. तिने ऐकून घेतलं.

"बाबा, तुम्ही कोणाच्या बाजूने आहात?"

"कोणाच्याच नाही. जे आहे ते आहे."

"बरं," ती म्हणाली आणि फोन ठेवला. त्यानंतर ती लग्नाबद्दल फक्त आईशी बोलू लागली. मी फोन उचलला तर 'आई आहे का' म्हणायची.

व्याह्यांच्या मोकळ्या चेहऱ्याचं कारण बायकोने आठवड्याभरात काढलं. विहीणबाईंनी तिला विश्वासात घेऊन सांगितलं, म्हणजे ते आता सगळ्या घराला माहीत झालं. व्याह्यांच्या उजव्या गुडघ्याची वाटी गेली होती. खाली बसायला डॉक्टरांनी बंदी केली होती. चारचौघांत मला बसता येत नाही म्हणायची त्यांना लाज वाटत होती, म्हणून त्यांनी आधार मागितला होता. मी महिनाभर अमेरिकेत हिंडत होतो आणि आधार एका गुडघ्यात होता.

हे कळल्यावर मुलीनेच माघार घेतली. आईकडे निरोप दिला की खुर्ची चालेल, पप्पांनी, म्हणजे सासऱ्यांनी, खुर्चीवर बसावं. आमच्याकडच्या वडीलधाऱ्यांची त्यावर बैठक झाली. खुर्चीवर बसणं हे बसणं आहे का, यावर निवृत्त सरांनी पाऊण तास घेतला. शेवटी चाचांना विचारलं.

"खुर्चीवर बसलेला माणूस बसला का उभा हाय, हे क्लॅरिनेटले लांबून दिसत नाही," ते म्हणाले.

व्याह्यांनीही निरोप पाठवला की त्यांच्यासाठी खुर्ची मांडू नये, ते काही आजारी नाहीत. मग असं ठरलं की चाल वाजवायची, पण मूळ तबकडीप्रमाणे सरळ. बसका गाळायचा. चाचांनी काट्यावर येऊन मूळ तबकडी ऐकली, त्यांच्या पोरांना ऐकवली, सराव केला. मुलीला सांगितलं. ती म्हणाली, "ठीक आहे." आईला म्हणाली. मला नाही.

लग्न उन्हाळ्यातलं. वरात हॉलच्या दारात आली. पुढे चाचा, मागे ताशे आणि मोठा ढोल, मग घोडी, घोडीच्या पुढे व्याही, डोक्यावर फेटा बांधलेला, त्यामुळे आणखीच उंच. आम्ही वधूकडचे दारात उभे. चाल सुरू झाली, सरळ, तबकडीसारखी. एकदा पूर्ण झाली. दुसऱ्यांदा सुरू झाली आणि ती जागा आली.

क्लॅरिनेट सरळ पुढे गेलं. पण रस्त्यावरची शे-दीडशे माणसं तोवर गुडघ्यात वाकली होती. कोणाला गाळलेल्या बसक्याचं सांगितलेलंच नव्हतं. सांगितलं असतं तरी गुडघ्यांना ते कळलं नसतं. सगळे अर्ध्यावर लोंबकळत राहिले, ना खाली ना वर, साड्या सावरत, मांड्या थरथरत. ढोलवाल्याने ते पाहिलं. तीस वर्षं त्याने त्या जागी हात संथ केला होता, तो आपोआप संथ झाला. ताशे त्याच्यामागे गेले. चाचा एकटे मूळ गाणं ओढत होते, मग त्यांनीही माझ्याकडे पाहिलं, खांदे उडवले आणि सूर सोडून दिला. म्हैस हंबरली. सगळे बसले.

व्याही एकटे उभे होते. सगळ्या गावाचं लक्ष त्यांच्याकडे होतं आणि गावाच्या लेखी त्याचा एकच अर्थ होता. त्यांनी खाली माझ्याकडे पाहिलं.

"तुम्ही का बसलात? आधार नाही म्हणाला होतात."

"नाहीच आहे," मी बसल्या बसल्या म्हणालो.

तेवढ्यात हॉलच्या दारात मुलगी आली. तिने यायचं नव्हतं, पण चाल ऐकून आली. तिने पाहिलं: सगळे बसलेले, सासरे उभे. तिच्यासमोर तिचं लहानपणापासूनचं दृश्य होतं आणि त्यात एकाच माणसाची कमी होती. ती बसली नाही. तिने दोन्ही हात हलवले आणि सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणाली, "पप्पा, तुम्ही बसू नका. गुडघा."

तिने मनापासून म्हटलं, याबद्दल मला शंका नाही. पण चारचौघांत जो शब्द इतके महिने झाकून ठेवला होता, तोच तिने उघडा केला.

व्याही म्हणाले, "गुडघ्याला काय झालंय?" आणि बसले. एक हात ढोलावर ठेवून, डावा पाय वाकवत, उजवा पाय सरळ पुढे काढून, सावकाश, फेट्यासकट. ते बसल्यावर मुलगीही दारात शालूसकट बसली. रडत होती का हसत होती, ते मला लांबून दिसलं नाही.

पुढची अडचण कोणाच्या लक्षात आली नव्हती. सूर वर न्यायचा तो नवरदेवाच्या बापाकडे पाहून. आणि नवरदेवाचा बाप उठेना. त्यांनी दोनदा प्रयत्न केला. चाचांनी खालचा सूर धरून ठेवला. आमच्याकडे तो फार तर दोन श्वास धरतात. चाचांचा चेहरा लाल झाला, गाल फुगले, दातांच्या फटीतून हवा शिटी मारू लागली आणि मग त्यांना खोकला आला. क्लॅरिनेटमधूनच खोकले, दोनदा. लगेच पुन्हा तोच सूर धरला, कारण तो सोडणं म्हणजे बसका मोडणं. आमच्याकडची माणसं धावली. दोघांनी काखेत हात घातले, एकाने पाठीमागून उचललं, एकाने फेटा सांभाळला. व्याही हवेत आले, सरळ झाले, सूर चढला, ढोल पळू लागला आणि वरात आत गेली.

जेवणाच्या पंगतीत मुलगी माझ्याजवळ आली. "बाबा, बसले बरं का सगळे," एवढं म्हणाली आणि माझ्या ताटात जिलबी वाढून गेली. बऱ्याच महिन्यांनी ती मला उद्देशून काहीतरी म्हणाली होती.

खरा त्रास नंतर झाला. त्या प्रसंगाचा कोणीतरी व्हिडिओ काढला होता आणि तो तालुक्यात फिरला. नव्या पोरांचे बँड निघालेत, त्यांना चाल शिकवायला ओसरीत कोणी बसवत नाही. ते मोबाईलवरून शिकतात. त्यांना सगळ्यांत स्वच्छ व्हिडिओ मिळाला तो हाच. मागच्या हंगामात मी सहा लग्नांना गेलो. चार ठिकाणी बसक्याचा खालचा सूर लांबच लांब धरला होता आणि त्यानंतर क्लॅरिनेटवाला व्यवस्थित, तालात, दोनदा खोकला. एके ठिकाणी त्या खोकल्यावर ताशांनी उत्तरही दिलं. आणि तिथे नवरदेवाचा बाप चांगला धडधाकट, चाळिशीतला, माझ्याएवढं पोतं उचलेल असा. त्याला चौघांनी काखेत हात घालून उचललं. तो स्वतःहून उठायला निघाला होता, तर त्याच्या बायकोने डोळे वटारून त्याला परत बसवलं.

निवृत्त सर माझ्या शेजारीच होते. उठताना त्यांनी मला समजावून सांगितलं की चार माणसं म्हणजे चार दिशा, आणि खोकला हा पूर्वजांना दिलेला आवाज आहे. मी गुडघे चोळत होतो.

रात्री व्याह्यांना हे फोनवर सांगितलं. त्यांचं गुडघ्याचं ऑपरेशन आता झालं आहे, पाय छान वाकतो म्हणतात. मला वाटलं हसतील.

"एक दुरुस्ती आहे," ते म्हणाले. "मला उचलायला तिघेच होते. चौथ्याने फेटा धरला होता. फेटा धरणं म्हणजे उचलणं नाही."

मी व्हिडिओ पुन्हा पाहिला. त्यांचं बरोबर आहे. तिघेच आहेत. पण आता हे सांगायचं कोणाला, आणि सांगितलं तर आधार मागतील.